चेक कमांड एकदाच लिहावी, सगळीकडे वापरावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गटात नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. गट अंधेरीला बसतो, बहुतेक सर्व्हर ऐरोली आणि महापे येथील डेटा सेंटरमध्ये आहेत आणि थोडे परदेशात आहेत. सर्व्हर आणि त्यांवरील सेवा नीट चालतात ना हे सतत तपासणारा देखरेखीचा प्रोग्राम म्हणून पूर्वी केवळ नागिऑस होते. आता बराच भाग आयसिंगा २ या त्याच प्रकारच्या प्रोग्रामवर गेला आहे, पण जुन्या फाइली अजून पूर्णपणे निवृत्त झालेल्या नाहीत. कमांडची आणि व्हेरिएबलची नावे येथे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची आहेत.

प्लगइन आणि चेक कमांड यांत फरक काय?

चेक पिंग, चेक डिस्क, चेक एचटीटीपी हे प्लगइन म्हणजे डिस्कवर ठेवलेले स्वतंत्र प्रोग्राम आहेत. ते टर्मिनलवरून कोणालाही चालवता येतात. चालल्यावर ते एक ओळ छापतात आणि एक एक्झिट कोड देऊन बंद होतात. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे काहीच सांगता येत नाही. छापलेल्या ओळीत उभ्या रेघेनंतर आलेला मजकूर आलेखांसाठीचे आकडे म्हणून वेगळा काढला जातो. चेक कमांड ही या प्रोग्रामला हाक मारण्याची लिहून ठेवलेली रीत आहे: कोणता प्रोग्राम, कोणत्या पर्यायांसह, आणि कोणत्या जागी कोणती किंमत भरायची. सर्व्हिस, म्हणजे एका तपासणीची नोंद, या कमांडचे नाव घेते, आणि होस्ट, म्हणजे एका यंत्राची नोंद, सांगतो की प्रश्न कोणाला विचारायचा आहे.

एकच कमांड पुन्हा पुन्हा वापरता यावी याचा एवढा आग्रह कशासाठी? प्रत मारून चालत नाही का?

चालते, आणि बरेच दिवस चालते. अडचण तीच आहे. मी पूर्वी जेथे काम करत होतो तेथे प्रत्येक नव्या सर्व्हरसाठी शेजारच्या सर्व्हरची फाइल उचलून नाव आणि पत्ता बदलण्याची पद्धत होती, आणि प्रत्येक कमांडमध्ये प्लगइनचा पूर्ण मार्ग हाताने लिहिलेला होता. देखरेखीचा सर्व्हर उबुंटूवरून रेड हॅटच्या कुळातील प्रणालीवर हलवला त्या रात्री प्लगइनचे फोल्डर लिबमधून लिब६४ मध्ये गेले, आणि डॅशबोर्डवर एकामागून एक चेक "रिटर्न कोड १२७" दाखवू लागले, म्हणजे प्रोग्रामच सापडत नव्हता. जुलैचा महिना होता, रुळांवर पाणी होते, फाइलींची रचना ज्याला तोंडपाठ होती तो सहकारी कुर्ल्याला गाडीत अडकला होता, आणि आम्ही सतरा फाइलींतून तोच मार्ग शोधून बदलत बसलो होतो.

नागिऑसमध्ये हा मार्ग रिसोर्स फाइलीतील यूझर१ या मॅक्रोत (कमांड चालताना जिच्या जागी खरी किंमत भरली जाते अशा खुणेत) एकदाच लिहिता येतो, आणि आयसिंगा २ मध्ये तो प्लगइन-डिर या कॉन्स्टंटमध्ये असतो. त्या रात्री एक ओळ बदलून काम झाले असते. प्रतींची खरी किंमत फाइल लिहिताना दिसत नाही, ती बदलताना दिसते. आणि बदल करण्याची वेळ सहसा आपण निवडलेली नसते.

मग कमांडमध्ये काय लिहावे आणि काय लिहू नये?

या पानावरील बाकीची उत्तरे या एका उत्तरावर उभी आहेत, म्हणून ते थोडे सविस्तर देतो. कमांडने केवळ "कसे विचारायचे" एवढेच सांगावे. "काय विचारायचे" हे सर्व्हिसने सांगावे. "कोणाला विचारायचे, आणि त्याच्या बाबतीत किती म्हणजे जास्त" हे होस्टने सांगावे. मर्यादेचा आकडा कमांडच्या पोटात शिरला की ती कमांड एका यंत्रापुरतीच उरते आणि दुसऱ्या यंत्रासाठी तिची प्रत निघते.

पिंगचे उदाहरण घ्या. नागिऑसबरोबर येणाऱ्या नमुना फाइलीत पिंगसाठी १०० मिलिसेकंदांना इशारा आणि ५०० मिलिसेकंदांना गंभीर अशी मर्यादा आहे. अंधेरीहून महापेच्या सर्व्हरला विचारताना १०० मिलिसेकंद लागले तर काहीतरी नक्कीच बिघडले आहे. तेथे २० मिलिसेकंदही मला खटकतील. हीच मर्यादा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरला लावली तर तो कायमच पिवळा, म्हणजे इशाऱ्याच्या स्थितीत, दिसेल, कारण मुंबईपासून ते अंतर १२,५०० किलोमीटरहून अधिक आहे आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकलेली आहे असे मानले तरी जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. या दोन यंत्रांसाठी पिंग करण्याची रीत एकच आहे, आकडे वेगळे आहेत. म्हणून कमांड एक असावी आणि आकडे त्या त्या होस्टपाशी असावेत. "चेक पिंग महापे" आणि "चेक पिंग अमेरिका" अशा दोन कमांड फाइलीत दिसल्या की रचना चुकली आहे असे खुशाल समजावे.

आर्ग१, आर्ग२ हे क्रमांकाचे मॅक्रो वापरावेत की नावांची व्हेरिएबल?

नागिऑसची जुनी पद्धत अशी की सर्व्हिसमध्ये कमांडचे नाव लिहायचे आणि त्यापुढे उद्गारचिन्हांनी वेगळे केलेले आकडे लिहायचे. ते क्रमाने आर्ग१, आर्ग२ असे करत आर्ग३२ पर्यंतच्या मॅक्रोंत जाऊन बसतात. एक-दोन आकड्यांसाठी ही पद्धत सुटसुटीत आहे आणि तेवढ्यापुरती ती बदलण्याचे कारण नाही.

तिसऱ्या-चौथ्या आकड्यापासून मात्र गोंधळ होतो. फलाटावरच्या इंडिकेटरवर आपण "बो", मग "एफ", मग "१५" असे वाचतो आणि बोरिवली फास्ट, पंधरा डबे हे क्षणात कळते, कारण तो क्रम मुंबईत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. तुमच्या कमांडमधला क्रम मात्र तुम्हालाच माहीत असतो, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही नसतो. "८४४३, ५, १०, स्टेटस" असे चार तुकडे समोर आले तर पाच सेकंद की पाच टक्के हे फाइल उघडल्याखेरीज सांगता येत नाही. त्यातच मधला एक तुकडा द्यायचा राहिला तर नागिऑस त्या जागी रिकामी जागा भरतो. मग पर्यायाचे अक्षर पुढच्या पर्यायालाच आपली किंमत समजून गिळते आणि प्लगइन भलत्याच कारणाने तक्रार करते.

म्हणून दोनपेक्षा जास्त किमती असतील तेथे होस्टवर किंवा सर्व्हिसवर स्वतःची व्हेरिएबल ठेवावीत. नागिऑसमध्ये त्यांचे नाव अंडरस्कोअरने सुरू होते, आणि कमांडमध्ये ती अंडरस्कोअर-होस्ट किंवा अंडरस्कोअर-सर्व्हिस असा उपसर्ग लावून वापरता येतात. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: नागिऑस सर्व्हिसचे व्हेरिएबल सापडले नाही म्हणून होस्टचे उचलत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. त्यामुळे प्रत्येक व्हेरिएबलची सर्वसाधारण किंमत मूळ टेम्प्लेटमध्ये (इतर व्याख्या ज्यावरून किमती घेतात त्या साच्यात), म्हणजे रजिस्टर ० असे लिहिलेल्या व्याख्येत, आधीच देऊन ठेवावी.

क्रमांकांच्या पद्धतीतच राहायचे असेल, तर दोन चिन्हे जपून वापरावी लागतात. आकड्यातच उद्गारचिन्ह हवे असल्यास त्याआधी उलटा तिरपा दंड लागतो, आणि कमांडमध्ये खरेखुरे डॉलरचिन्ह हवे असल्यास ते दोनदा लिहावे लागते.

आयसिंगा २ मध्ये यापेक्षा वेगळे काय आहे?

नागिऑस १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू झाला आणि २००२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले; २००९ मध्ये त्यातून आयसिंगा वेगळा झाला, आणि २०१४ मध्ये आलेला आयसिंगा २ नव्याने लिहिलेला होता. कमांडच्या बाबतीत हा नवेपणा ठळकपणे जाणवतो. येथे कमांड म्हणजे एक सलग ओळ नसते. प्रोग्राम वेगळा लिहिला जातो आणि आर्ग्युमेंट्स नावाच्या कोशात प्रत्येक पर्यायासमोर त्याची किंमत कोणत्या व्हेरिएबलमधून घ्यायची हे लिहिले जाते. व्हेरिएबलला किंमतच नसेल तर तो पर्याय पूर्णपणे गाळला जातो, त्यामुळे वर सांगितलेला रिकाम्या जागेचा घोळ येथे होत नाही. किंमत असलीच पाहिजे असे असेल तर "रिक्वायर्ड", आणि एसएसएलसारखा केवळ हो-नाही स्वरूपाचा पर्याय असेल तर "सेट-इफ" वापरायचे.

त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे शोधाचा क्रम. आयसिंगा २ व्हेरिएबल आधी सर्व्हिसवर शोधतो, तेथे नसेल तर होस्टवर, तेथेही नसेल तर कमांडवर, आणि सर्वांत शेवटी सार्वत्रिक किमतींत. याचा अर्थ सर्वसाधारण किंमत कमांडमध्ये द्यावी, एखाद्या यंत्राचा अपवाद होस्टवर लिहावा आणि त्या यंत्रावरील एकाच चेकचा अपवाद सर्व्हिसवर लिहावा. कमांडमध्ये मर्यादा लिहू नये असे मी वर म्हटले आहे, आणि येथे कमांडवर किंमत ठेवण्यास सांगतो आहे, यात विरोध वाटेल. पण कमांडच्या ओळीत कोरलेला आकडा आणि वरून बदलता येणारी सुरुवातीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयसिंगाबरोबर येणाऱ्या तयार कमांड आपण बदलाव्यात का?

नाही. या तयार कमांड ज्यात असतात त्या टेम्प्लेट लायब्ररीतील फाइली पॅकेजच्या मालकीच्या आहेत. पुढच्या अद्ययावतीकरणात तुमचे बदल पुसले जातील. तयार कमांड आयात करून आपल्या नावाची नवी कमांड लिहावी आणि तीत हवे तेवढेच बदलावे. तत्पूर्वी लायब्ररी एकदा नीट वाचावी, कारण तेथे एचटीटीपी, डिस्क, पिंग यांसह नेहमीच्या बहुतेक प्लगइनसाठी कमांड लिहिलेल्या आहेत, आणि निम्म्या वेळा आपल्याला नव्या कमांडची गरजच नसते. केवळ एखाद्या व्हेरिएबलचे नाव माहीत नसते.

कमांडला नाव कसे द्यावे?

ती कोणता प्रश्न विचारते त्यावरून. यंत्र, ग्राहक, इमारत किंवा आकडा नावात येऊ नये. "चेक डिस्क ९०" या नावाची कमांड आमच्याकडे होती आणि मध्यंतरी कोणीतरी तिची मर्यादा ८५ केली होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. स्वतः लिहिलेल्या कमांडना एक ठरावीक उपसर्ग लावावा, म्हणजे तयार कमांडशी नावे धडकत नाहीत. आयसिंगा २ तर एकच नाव दोनदा आले की तपासणीतच नकार देतो.

फाइलींची मांडणी कशी असावी?

कमांड एका फोल्डरात, टेम्प्लेट दुसऱ्यात, होस्ट तिसऱ्यात. नागिऑसमध्ये मुख्य फाइलीत सीएफजी-डिर ही सूचना दिली की त्या फोल्डरातील आणि त्याच्या पोटातील सर्व सीएफजी फाइली आपोआप वाचल्या जातात. आयसिंगा २ मध्ये अनेक नोडना (आयसिंगा चालणाऱ्या यंत्रांना) लागणाऱ्या कमांड झोन्स-डी या फोल्डरातील ग्लोबल टेम्प्लेट्स या सार्वत्रिक झोनमध्ये ठेवाव्यात. हे सारे गिटमध्ये (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) असावे, आणि प्रत्येक बदलानंतर, रीलोड करण्याआधी, तपासणीची आज्ञा चालवावी: नागिऑसमध्ये "व्ही" पर्याय, आयसिंगा २ मध्ये डीमनचा मोठा "सी" पर्याय. याहून अधिक विचार मांडणीवर खर्च करू नये.

चेक दूरच्या सर्व्हरवर चालवायचा असेल तर कमांड नेमकी कोठे लिहायची?

येथे कमांड दोन ठिकाणी विभागली जाते. एनआरपीई, म्हणजे दूरच्या यंत्रावर प्लगइन चालवून देणारा प्रोग्राम, वापरत असाल तर देखरेखीच्या सर्व्हरवर केवळ "त्या यंत्रावरची अमुक नावाची कमांड चालव" एवढे सांगणारी एकच सामान्य कमांड पुरते, आणि खरी ओळ त्या यंत्रावरील एनआरपीईच्या फाइलीत असते. दोघांमधला संवाद ५६६६ या पोर्टवरून होतो.

साहजिकच प्रश्न येतो की मर्यादेचे आकडे इकडूनच पाठवता येणार नाहीत का. येतात, त्यासाठी त्या यंत्रावर एक पर्याय १ करावा लागतो, आणि त्या पर्यायाचे नावच "डोन्ट ब्लेम एनआरपीई" असे आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीच नावातून हात वर केले आहेत, एवढ्यावरून धोका ओळखावा: बाहेरून आलेला मजकूर त्या यंत्रावरील आज्ञेत मिसळतो. आमच्याकडे हा पर्याय बंद आहे. मर्यादा त्या यंत्रावरच्या फाइलीत असतात आणि ती फाइल आन्सिबल या, अनेक यंत्रांच्या फाइली एका जागेवरून तयार करणाऱ्या, साधनातून तयार होते. म्हणजे आकडे पुन्हा एकाच ठिकाणी येतात, फक्त ते ठिकाण आन्सिबलची यादी असते.

आयसिंगा २ च्या एजंटसाठी (दूरच्या यंत्रावर बसवलेल्या आयसिंगासाठी) सर्व्हिसमध्ये कमांड एंडपॉइंट सांगितला की चेक तिकडे चालतो, आणि किमती इकडूनच जातात. पण कमांडची व्याख्या मात्र तिकडेही असावी लागते. "चेक कमांड अस्तित्वात नाही" असा संदेश आला तर व्याख्या बहुधा सार्वत्रिक झोनऐवजी मास्टरच्याच (देखरेखीच्या मुख्य सर्व्हरच्याच) झोनमध्ये राहिलेली असते.

डेटाबेसचा पासवर्ड कमांडमध्ये लिहिला तर काय बिघडते?

ती ओळ प्रोसेसच्या यादीत त्या यंत्रावरील कोणालाही दिसते. रिसोर्स फाइलीतील यूझर मॅक्रो वापरला तर तो गिटमधून आणि वेब इंटरफेसमधून दूर राहतो, पण चेक चालू असताना यादीत दिसतोच. तेव्हा ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. मॉनिटरिंग प्लगइन्स या प्लगइनसंचातील "एक्स्ट्रा ऑप्ट्स" हा पर्याय किमती थेट फाइलीतून वाचतो, आणि त्या फाइलीचा हक्क केवळ नागिऑसच्या वापरकर्त्याला देता येतो. शिवाय चेकसाठी वेगळे, केवळ वाचण्याचा हक्क असलेले खाते असावे.

मर्यादा लिहिताना अपूर्णविराम आणि ॲटचे चिन्ह का येते?

नुसते "१०" म्हणजे शून्य ते दहाच्या बाहेर गेल्यास सूचना. "१०" नंतर अपूर्णविराम म्हणजे दहापेक्षा खाली गेल्यास सूचना. "१०:२०" म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर, आणि त्याआधी ॲटचे चिन्ह असेल तर पट्ट्याच्या आत, दोन्ही टोके धरून. ऋण बाजूची अनंत सीमा तरंगरेषेने दाखवतात. सर्वच प्लगइन हा नियम काटेकोरपणे पाळत नाहीत. चेक डिस्कला दिलेले २० टक्के हे मोकळ्या जागेचे असतात, भरलेल्या जागेचे नव्हेत, आणि नवा माणूस येथे हमखास फसतो. लोडच्या, म्हणजे यंत्रावरील कामाच्या भाराच्या, चेकमध्ये तीन आकडे एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीचे असतात. लहान "आर" पर्याय दिला की लोडला सीपीयूंच्या संख्येने भागले जाते, आणि मग ४ सीपीयू आणि ६४ सीपीयू असलेल्या यंत्रांना एकच मर्यादा चालते. पुन्हा वापरता येणाऱ्या कमांडमध्ये हा पर्याय सुरुवातीलाच घालावा असे माझे मत आहे.

टाइमआउट किती ठेवावा?

टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत. आतला लहान, बाहेरचा मोठा. प्लगइनचा बहुधा १० सेकंद असतो, एनआरपीईला प्रश्न पोचवणाऱ्या चेक एनआरपीई या प्लगइनचाही १०, आणि नागिऑसमधील सर्व्हिस चेकचा ६०. प्लगइनला ३० दिले आणि चेक एनआरपीईला १० वरच सोडले, तर खरे उत्तर येण्याआधीच दुवा तुटतो आणि कारण भलतेच दिसते.

वेळापत्रकही कमांडप्रमाणेच पुन्हा वापरता येते का?

येते, टाइम पिरियड म्हणून. पण घड्याळ पाहावे. शेअर बाजाराची वेळ ९:१५ ते १५:३० आहे, आणि देखरेखीचा सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर तीच वेळ ३:४५ ते १०:०० अशी लिहावी लागते. नागिऑसमध्ये टाइमझोनची सूचना मुख्य फाइलीत देता येते; ती द्यावी आणि फाइलीत भारतीय वेळच लिहावी.

टेम्प्लेटवर टेम्प्लेट असे किती थर असावेत?

दोन, अडीअडचणीला तीन. पुनर्वापराची गोडी लागली की माणूस थांबत नाही: सर्व लिनक्ससाठी एक, त्यावर सर्व वेब सर्व्हरसाठी, त्यावर महापेच्या वेब सर्व्हरसाठी, आणि मग एका आकड्याचा उगम शोधायला पाच फाइली उघडाव्या लागतात. अति तेथे माती. पहाटे तीन वाजता मोबाइलच्या पडद्यावरून आकडा कोठून आला हे पाळीवरच्या माणसाला सांगता आले पाहिजे, अशी कसोटी आम्ही लावतो. दोन ठिकाणी दिसणारी समान ओळ लगेच एकत्र करण्याचीही गरज नाही. तिसऱ्यांदा दिसली की करावी. कधीकधी दोन ओळी योगायोगाने सारख्या असतात आणि पुढे वेगळ्या वाटेने जातात.

जुन्या फाइली खूप आहेत. सुरुवात कोठून करावी?

सर्व कमांडच्या ओळी एका फाइलीत काढून त्यांची क्रमवारी लावावी. एकाच प्लगइनच्या ओळी शेजारी आल्या की प्रती डोळ्यांना दिसतात. सर्वांत जास्त प्रती असलेला एकच प्लगइन निवडावा, त्याची नवी कमांड लिहावी, आणि नेहमी शांत असणाऱ्या एका होस्टवर जुना व नवा चेक काही दिवस शेजारी शेजारी चालू ठेवावा. नव्याची सूचना बंद असावी. दोघांची उत्तरे जुळली की पुढचा होस्ट. सगळे एका शनिवारी उरकण्याचा बेत कोणी मांडला तर त्याला प्रेमाने नकार द्यावा.

कमांड टर्मिनलवर चालते, पण देखरेखीत "अननोन" येते. असे का?

बहुतेक वेळा तुम्ही ती स्वतःच्या किंवा रूटच्या नावाने चालवलेली असते. सूडो वापरून नागिऑसच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवून पाहावी. १२६ आले तर फाइल चालवण्याचा हक्क नाही, १२७ आले तर फाइलच सापडत नाही. दोन्ही नसेल तर मॅक्रो भरून तयार झालेली अंतिम ओळ पाहावी: नागिऑसमध्ये डीबग लेव्हल २०४८ केली की मॅक्रोंची नोंद मिळते, आणि आयसिंगा २ मध्ये एपीआयमधून शेवटच्या तपासणीचा निकाल मागितला की त्यात चालवलेली कमांड जशीच्या तशी असते. ती ओळ उचलून त्याच वापरकर्त्याच्या नावाने टर्मिनलवर चालवावी. तरीही फरक उरला, तर तो बहुधा पाथ किंवा होम यांसारख्या एन्व्हायर्नमेंटच्या किमतींचा असतो, कारण सेवा म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या लॉगिनच्या फाइली वाचायला मिळत नाहीत.